शेंदराखालचा हात

भाटघरचं पाणी वैशाखात मागं हटलं की आमचं बुडालेलं गाव चिखलातनं वर येतं. पयली घरांची जोती दिसत्यात, मग वीर. वीर म्हंजी एक दगड. आमचा मूळपुरुष गडाच्या वाटेवर लढताना पडला, त्याचा. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर थापून त्याचा नुसता लाल गोळा झालाय. आत काय कोरलंय, कुणी बघितलंच न्हाई.

भांडण एवढंच, की वीराला पयला निवद कुणी दावायचा? आमच्या आबांनी का थोरल्या घरच्या रखमाजी चुलत्यानं? चुलता म्हणायचा वीराच्या हातात भाला हाय, भाला आमच्या घरचा. आबा म्हणायचे तलवार, ती आमच्या देव्हाऱ्यात हाय. औंदा आबांनी भर चावडीत भंडारा उचलला. "तलवार न्हाई निघाली, तर माझं घर पुन्यांदा निवदाचं ताट धरणार न्हाई!"

शेंदूर उतरवावा का, म्हणून गुरवानं कौल लावला, देवानं उजवा दिला. शनवारी भोरचा मास्तर येऊन शेंदूर उतरवणार ठरलं. जुन्या दगडांची टिपणं घेतो तो. ह्याच मास्तराच्या पायावर पाटी आपटून म्या तिसरीतनं शाळा सोडलेली.

तीन दिस आबा धड जेवले न्हाईत. मला दम निघंना. शनवारी दुपारी खुरपं घेतलं अन्‌ एकटीच खाली उतरले.

शेंदराची ढलपी निघाली. आत कोपर. म्हटलं, आता मूठ, मग तलवार. वर खरवडलं तर मनगटभर बांगड्या.

बाईचा हात. कोपरात वाकल्याला, उभा. असला दगड शेळ्या राखणारं पोरबी वळखतं. सती!

वीराम्होरल्या पणतीतलं तेल वतून ढलपीचा चुरा मळला अन्‌ परत थापला. तवर उतारावर आबांचं पागोटं दिसलं. मागनं मास्तर अन्‌ सगळी भावकी.

मास्तरानं बोट लावलं. "हा शेंदूर ओला आहे. कुणी खरवडला?"

"कळलं!" रखमाजी वरडला. "लेकीला म्होरं धाडून तलवार कोरून घेतलीस व्हय रं, कोंडिबा?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "साळे, हात दाव."

म्या हात मागं लपवले. बोलले तर आबांचं ताट जातंय, गप बसले तर आबा लबाड ठरत्यात.

"पोरगी बापावर गेलीया," रखमाजी हसला. "चोर ती चोर."

माझं टकुरं फिरलं. "तलवार न्हाई, अन्‌ तुमचा भालाबी न्हाई! बघा!" म्या नखांनी शेंदूर वरबडला.

बांगड्या दिसल्या. मास्तराची वही उघडीच ऱ्हायली.

आबांनी हातातलं निवदाचं ताट चिखलात ठेवलं. "भंडारा उचललाय म्या."

रखमाजी ताटाकडं वाकला. तशी त्याची बायको फुलाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सतीला वटी लागती. बाप्यांचं काम न्हाई ते."

रखमाजी तसाच सरळ झाला.

फुलाबाई माझ्या आईकडं वळली. "वटी पयली थोरल्या घराची."

"का म्हून?" आईनं पदर खोचला.

आबा जोत्यावर मटकन बसले. मला वाटलं, आता मार. त्यांनी माझा लाल हात धरला, उलटापालटा बघितला.

"नख तुटलंय तुझं," म्हणाले, अन्‌ सोडलाच न्हाई.