शंभर म्हणजे शंभरच

फाशांच्या कारखान्यात माझं काम एकच. नमुन्याचा फासा सहाशे वेळा टाकायचा आणि वहीत खुणा करायच्या. प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास यायला हवा, कुठला ब्याण्णव, कुठला एकशे सात. एवढं इकडेतिकडे व्हायचंच. नाही झालं तर माझं डोकं फिरतं.

सोमवारी एका फाशाचे सहाही आकडे बरोबर शंभर-शंभर वेळा आले. मी हिशोब केला: चाळीस लाखांत एखाद्या वेळी. "नजर लागेल हो तुमच्या मोजणीला," मॅनेजर हसले. मी पुन्हा सहाशे वेळा टाकला. पुन्हा तेच. शेवटी शेवटी तर कोणता आकडा उरलाय ते मला आधीच कळत होतं, आणि तोच पडत होता. फाशाला मागचं काही आठवत नसतं, हे मी वीस वर्षं नव्या पोरींकडून घोकून घेतलंय. याला सगळं आठवत होतं.

गुरुवारी ह्यांचं ऑपरेशन होतं. सहापैकी पाच जण सुखरूप बाहेर येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी नर्सने धीर दिला, "मागचे पाचही ठणठणीत घरी गेले हो!" मी बोटांवर मोजलं. पाच झाले होते. हे सहावे.

ह्यांना उपाशीपोटी ठेवायचं होतं. मी पिशवीतून बिस्किट काढलं.

"अगं, चालेल का?"

"एकाने काय होतंय? खा गपचूप."

मग मीच जाऊन नर्सला सांगितलं. ती माझ्यावर खेकसली. ह्यांचं ऑपरेशन उद्यावर गेलं आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आत नेलं. त्याचंही तेच ऑपरेशन.

त्याची धाकटी बहीण माझ्याजवळ आली. "ताई, तुमच्यामुळे दादाचा नंबर लवकर लागला बघा. बसता का जरा माझ्यापाशी? जीव नुसता खालीवर होतोय."

मी बसले. तिचा गार हात हातात घेतला, "सगळं नीट होईल गं," म्हटलं. आणि मनात तिच्या भावाचं मरण मागत होते. लाज वाटत होती, तरी मागत होते.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "आम्ही खूप प्रयत्न केले," म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

मी सुटकेचा श्वास सोडला. इतका मोठा, की ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.