न आलेल्या हुकुमाचा पडदा

मी इस्त्री बोलतेय. आणि पहिलंच सांगून टाकते, मी मूर्ख आहे. साधीसुधी नाही, अगदी कडक घडीची. ज्या पडद्याने मला आणि माझ्या मालकिणीला झाकून टाकलं, त्या पडद्याला इस्त्री मीच केली होती. तीही कौतुकाने. कडा अशा सरळ काढल्या की वाटावं, पट्टी ठेवून आखल्यात. तो कशासाठी आहे, हा विचारसुद्धा मनात आला नाही. पुढ्यात कापड आलं, तापले, फिरले. चाळिशी उलटली तरी अक्कल आली नाही ती नाहीच.

हो, चाळिशी. आमच्यात एवढं कुणी जगत नाही. हल्लीच्या नाजूक मुली दोन वर्षांत जळून जातात. माझं बूड बिडाचं आणि मूठ लाकडाची. कारखान्यातून निघाले त्या दिवशी जेवढं वजन होतं, तेवढंच आजही आहे. माझ्या वयाच्या किती जणींना असं म्हणता येईल, सांगा बरं.

माझं पहिलं घर म्हणजे एका मोठ्या हॉटेलची लाँड्री. तिथे चादरीच चादरी, आणि परदेशी पाहुण्यांचे सूट. मग पाहुणे येईनासे झाले, हॉटेल बंद पडलं आणि सामान लिलावात निघालं. मला आणि चादरींच्या एका गठ्ठ्याला कडकभाऊंनी विकत घेतलं.

कडकभाऊ म्हणजे आत्ताचे माझे मालक. हे नाव त्यांच्या खळीमुळे पडलं. त्यांनी खळ घातलेली कॉलर मानेशिवायही उभी राहते. माणूस मात्र लोण्यासारखा. दार कुणी जोरात वाजवलं तरी हे आधी बायकोला पुढे पाठवतात. ते मागच्या बाजूला कपडे धुतात. पुढे रस्त्यावरच्या खिडकीशी त्यांची बायको इस्त्री करते. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते. खिडकीतून कपडे आत येतात, खिडकीतून बाहेर जातात, आणि त्यांच्याबरोबर गल्लीतल्या साऱ्या बातम्याही. कोपऱ्यात खुर्चीवर कडकभाऊंची आई बटणं लावत बसते. तिला कमी ऐकू येतं, पण फक्त तिला हवं तेव्हा.

माझ्याखाली एक टेबल आहे. ते फारसं बोलत नाही. बोललं की मला वाईट वाटतं.

तर त्या सुमाराला दुकान बरं चाललं होतं. वहिनी दुसरी इस्त्री घ्यायची म्हणत होती, वाफेची. सवत येणार म्हणून मी आतल्या आत धुमसत होते. तेवढ्यात निवडणूक झाली.

मला राजकारण कळत नाही, कपडे कळतात. धर्माचं राज्य आणू म्हणणाऱ्या दोन पक्षांना कुणाला वाटलं नव्हतं एवढ्या जागा मिळाल्या. बहुमत मात्र कुणालाच नाही. सरकार बनेना. बैठका चालल्यात म्हणे, आणि चाललेल्याच राहिल्या. इकडे माझ्या टेबलावरचे सूट आटले आणि लांब पांढरे अंगरखे वाढले. पगार लांबले, तसे लोक एकच शर्ट दोनदा घालून मग इस्त्रीला द्यायला लागले. शेजारचा शिंपी दुकानाला कुलूप लावून परदेशी निघून गेला. सरकारी कचेरीतले एक हेडक्लार्क एक सूट आणि एक कोरा अंगरखा एकदमच घेऊन आले. दोन्ही तयार ठेवा, म्हणाले, शपथविधीच्या दिवशी काय घालावं लागेल सांगता येत नाही.

सवतीचा विषय बारगळला म्हणून मी मनातून खूश झाले. मूर्ख आहे म्हटलं ना.

मग कुजबुज सुरू झाली. दुकानात बाईने दर्शनी बसायचं नाही, असा हुकूम निघालाय. हुकूम कुणी पाहिला नव्हता, पण ज्याने पाहिला त्याला ओळखणारा माणूस प्रत्येकाला भेटला होता. फोटो स्टुडिओवाल्याने काचेतला नवरीचा फोटो काढला. वाद्यांच्या दुकानात गिटारी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवल्या. केस कापणाऱ्या बाईने आपल्या काचांना आतून पांढरा रंग फासला. आणि एका संध्याकाळी कडकभाऊंनी हॉटेलची एक चादर काढली आणि म्हणाले, "अगं, ही जरा नीट करून दे."

वहिनीला वाटलं, पाहुणे यायचे असतील. मला वाटलं, माहेरचं कापड आलं. दोघी अगदी मन लावून फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चादर खिडकीला टांगलेली.

वहिनीने चादरीकडे एकदा पाहिलं आणि मला उचललं. ती चिडली की मी घाबरते, कारण मग ती मला जोरात दाबते.

पडद्याआड एक पिवळा दिवा लावला. त्या उजेडात पांढरं आणि मळकं सारखंच दिसायचं. एका नव्याकोऱ्या कॉलरवर मी डाग उठवला, तो वहिनीला संध्याकाळी दारात उभं राहिल्यावर दिसला. येणारेजाणारे पडदा बघून दुकान बंद आहे समजायचे. बातम्या बंद झाल्या, मागोमाग कपडेही. कडकभाऊ म्हणायला लागले, दुकान काढूनच टाकू, पलीकडचा किराणावाला जागा मागतोय. वहिनी म्हणाली, काढा, पण ते तुमच्या भीतीमुळे काढलं, हुकुमामुळे नाही, एवढं लक्षात ठेवा. लग्नापासून तिने ती खिडकी सोडली नव्हती. मला तर रात्रंदिवस भंगारवालाच दिसायचा.

आई सगळं ऐकत होती. आता सांगितलं पाहिजे, तिने मत धर्माच्या राज्यवाल्या दोन पक्षांपैकी एकाला दिलं होतं आणि चारचौघांत सांगितलंही होतं. त्यांच्या दवाखान्यात तिच्या गुडघ्यांना औषध मिळायचं आणि कुणी लाच मागायचं नाही. यावरून लेकाशी तिचे खटके उडायचे.

एका दुपारी त्याच पक्षाचे सचिव दारात आले. त्यांचं कार्यालय कोपऱ्यावरच. कडकभाऊंचा चेहरा सचिवांच्या अंगरख्यापेक्षा पांढरा झाला. सचिवांच्या हातात कपड्यांचं बोचकं होतं. दुकान चालू आहे का, म्हणाले, बंद समजून मी पार त्या टोकाच्या लाँड्रीत जातोय, तिथे चुण्या धड बसत नाहीत.

कडकभाऊ चाचरत म्हणाले, "चालूच आहे. हा पडदा आपला... तुमच्या नियमाप्रमाणे."

"कुठला नियम?"

"तो आलाय ना, तो."

"आम्हाला तर काही आलेलं नाही," सचिव म्हणाले. "अजून खातीसुद्धा वाटून झाली नाहीत."

आईने सुई कापडात टोचून ठेवली. तिला एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं होतं.

"येणार आहे का?"

सचिवांनी बोचकं टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "काहींना हवाय, आई. काहींना नको. माझी बायको शाळेत शिकवते. तिचं काय होणार, ते मलाही माहीत नाही."

"मग तू कुणाकडून?"

"बघू."

"बघू नको, सांग त्यांना. मी मत दवाखान्याला दिलंय, पडद्याला नाही. पुढच्या वेळी मत मागायला याच खिडकीशी येशील ना? तेव्हा माझी सून इथे दिसली पाहिजे."

सचिवांनी मान हलवली. होकाराची होती की नुसतीच, ते मला इथून दिसलं नाही.

वहिनी मात्र तोवर स्टुलावर चढली होती. हुकूम आला की कागद आणून दाखवा, ती म्हणाली, तोवर मला उजेड लागतो. कडकभाऊंनी क्षणभर दाराकडे पाहिलं, मग पुढे होऊन स्टूल धरलं. पडदा खाली आला आणि ऊन थेट माझ्या अंगावर. माझ्यावर एवढे ओरखडे आहेत हे मला तेव्हा कळलं. तरी बरं वाटलं.

दोनतीन दिवसांत केस कापणारी बाई पत्ती घेऊन काचेवरचा रंग खरवडायला बसली. मग गिटारींवरची वर्तमानपत्रं उतरली. नवरीसुद्धा परत आली, जरा उन्हाने विटलेली, पण हसत.

सगळं गोड झालं असं नाही. सरकार कसंबसं बनलंय, वीज महाग झालीय, शिंपी अजून परतलेला नाही. उद्या खरंच कागद आला तर काय, हे कुणालाच माहीत नाही. पण वहिनी म्हणते, आला तर सगळी गल्ली मिळून वाचू. हेडक्लार्क हल्ली अंगरख्याखाली सुटाची पँट घालतात. खिडकीतून कपडे परत यायला लागले, आणि त्यांच्यामागून सवतही आली. जांभळी आहे, दिवसभर फुसफुसते. जाड कापडाला मात्र वहिनी अजून मलाच उचलते.

पडद्याची चौघडी करून वहिनीने ती टेबलावर अंथरलीय. मी रोज तिच्यावरूनच फिरते.

तुम्हाला एवढंच सांगते, कुणी काही झाकायला निघालं, तर आधी विचारा, कुणी सांगितलंय. मी विचारलं नाही. परवा टेबलाला मी तसं बजावूनही सांगितलं, की पुन्हा असलं कापड माझ्यापुढे आलं तर मी मुळी तापणारच नाही.

टेबल म्हणालं, "बटण वहिनीच्या हातात आहे."