शांती देण्याची वेळ

लेकीला, बबडीला, तिनं चर्चमधल्या बाकाच्या आतल्या बाजूला सरकवलं आणि स्वतः मध्ये आली. मागच्या बाकावर कोण येऊन बसलंय, हे तिला वळून न बघताच कळलं होतं. तो खोकला ती वर्षभर रोज सकाळी दाराशी ऐकत आली होती.

व्हॅनवाले काका.

गेल्या महिन्यात त्यांनी शाळेपाशी नेहमीसारखी दप्तरं मोजली. धावत सुटणाऱ्या पोरांपेक्षा दप्तरं मोजणं सोपं, ही त्यांची जुनी रीत. बबडीचं दप्तर मैत्रिणीनं उतरवलं होतं. बबडी मागच्या सीटवर गाढ झोपली होती. काचा बंद, वर रणरणतं ऊन. शेजारच्या गॅरेजमधल्या माणसाला आत काही हललेलं दिसलं म्हणून बरं, नाहीतर... त्या ‘नाहीतर’पाशी ती रोज येऊन अडकायची.

सगळे प्रार्थनेला उभे राहिले. अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली तसे तिचे ओठ मिटले. शेजारी सासूबाईंचा आवाज खणखणीत चालू होता.

प्रार्थना संपताच ती कुजबुजली, “आई, आम्ही जरा बाहेर जाऊन येतो. बबडीला शू लागलीये.”

“मला नाही लागलेली!” बबडीनं जाहीर केलं. पुढच्या बाकावरच्या बाईंचे खांदे हसण्यानं हलले.

“आता शांती द्यायची, आजूबाजूच्यांशी हात मिळवायची वेळ येईल, म्हणून ना?” सासूबाई समोरच बघत म्हणाल्या.

“त्यांना दुसरा बाक नव्हता?”

“होते की. तुलाही आहेत.”

“तुमच्याएवढं मोठं मन नाही हो माझं.”

“मोठं मन म्हणे! ती बघ, खांबापाशी माझी जाऊ. तुझे सासरे अंथरुणाला खिळले, तेव्हा हिनं आमच्या तोंडावर दार लावलं होतं. तू तर तेव्हा आमच्या घरात आलीही नव्हतीस. दर रविवारी जाऊन हात देते तिला. मनापासून अजून जमलेलं नाही.”

“मग देता कशाला?”

“न देऊन बघितलं होतं गं, एक वर्ष.”

फादरांनी एकमेकांना शांती द्यायला सांगितलं आणि चर्चभर कुजबूज उठली. सासूबाई खांबाकडे निघाल्या. तिनं पुढच्या बाईंना हात दिला, बबडीच्या केसांवरून उगाच दोनदा हात फिरवला. आता मागचेच उरले होते. ती वळली.

काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते, बाईंनी शिक्षा केलेल्या पोरासारखे. नजर बाकाच्या लाकडावर. बबडीनं उत्साहानं हात वर केला. तिनं तो खाली ओढला.

मग तिचा स्वतःचा हात पुढे झाला. 

“काका.”

त्यांचा हात उशिरा आला, घामेजलेला. म्हणायचे ते शांतीचे शब्द तिच्या तोंडून फुटले नाहीत. त्यांच्याही नाही. हात सुटले.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी तिला गाठलं.

“ताई, आता मी दप्तरं नाही मोजत. पोरं उतरली की आत चढून सीटखालीसुद्धा बघतो. उद्यापासून बबडीला... पाठवाल?”

सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही,” ती म्हणाली. “नाही पाठवणार, काका. पुढंही पाठवीन असं म्हणवत नाही.”

त्यांनी मान डोलावली, आधीच ठाऊक असल्यासारखी. गाडीच्या किल्ल्या खिशात चाचपत ते दोन पायऱ्या उतरले.

“काका.”

ते थांबले. सासूबाईंचा रुमाल चष्म्यावर तसाच थबकला.

“पुढच्या रविवारी दुसरीकडे नका बसू.”