मारीचा निरोप

प्लास डेरवेन वाड्याच्या चित्रदालनात, फ्रान्सहून आणलेल्या तळ्यांच्या चित्रांखाली, काचेच्या कपाटात घोड्याची कवटी येऊन बसली, तेव्हापासून नेस्ट तिथे एकटी जाईनाशी झाली.

आजोबांनी कोळशाच्या खाणींवर कमावलं, दोघी नातींनी ते कलेवर उधळलं. वेल्समधलं जे जे मरायला टेकलंय ते ते मी वाचवणार, असं थोरली केनवेन म्हणायची. वाचवणार म्हणजे विकत घेणार. धाकट्या नेस्टला ते कळत होतं, पण तिच्यापुढे हिची मात्रा चालत नसे. आई गेल्यापासून केनवेननेच तिला वाढवलं होतं, आणि तिच्यावाचून नेस्टला जगात कुणी नव्हतं.

कवटी शॅड्रॅकच्या मालकीची. खाणीत छाती पोखरून घेतलेला खट्याळ म्हातारा. वर्षभर चुन्यात पुरून ठेवलेल्या तिला तो ऐन हिवाळ्यात उकरायचा, पांढरी चादर पांघरवायचा आणि दोरीने जबडा खडखडवत दारोदार न्यायचा. ही मारी. बाहेरच्यांनी गाऊन 'आत घ्या' म्हणायचं, घरच्यांनी बंद दाराआडून कवनातच परतवायचं. घरच्यांची कवनं संपली की दार उघडावंच लागे. मारी आत येई, तिची माणसं खाऊनपिऊन घेत, निरोपाचं कडवं गात आणि मग ती जाई. निरोप गायल्याशिवाय ती कुठल्याच घरातून हलत नसे.

केनवेनने कवटी तर घेतलीच, वर शॅड्रॅकचा आवाजही फोनोग्राफ यंत्रातल्या मेणाच्या नळीवर भरून घेतला. म्हातारा गाता गाता खोकत होता; नेस्ट यंत्राची किल्ली फिरवत होती.

"निरोपाचं राहिलं, मिस केनवेन."

"नळी भरली. एवढं पुरे."

"अहो, पाहुणीला आत घ्यायचं आणि बाहेरची वाट दाखवायची नाही? हंगाम सरला की चुन्यात तरी पुरा तिला."

"पुरायला का मी वस्तू गोळा करते, शॅड्रॅक?"

म्हातारा हसला. "मग सांभाळा बाई. लाडाची आहे ती. एकटीला करमत नाही तिला."

वसंतात तो गेला. पानगळीत केनवेनला खोकला लागला. डॉक्टर दमट हवेवर खापर फोडून मोकळे झाले.

जानेवारीत कार्डिफहून पाहुणे आले. जेवणाआधी केनवेनने कपाटाशेजारी यंत्र लावलं. मेलेला शॅड्रॅक 'आत घ्या, आत घ्या' म्हणून गाऊ लागला, आणि कुणी उत्तर देईना. नेस्ट पुढे झाली. लहानपणी दाईने शिकवलेली कवनं ती म्हणू लागली. पाहुण्यांना गंमत वाटली. पण जिता गाणारा ऐकून घेतो, अडखळतो, हरतो. नळी कुणाचं ऐकणार? नेस्टची कवनं संपली आणि शेवटची ओळ शॅड्रॅकचीच राहिली. मारी तर आतच होती.

टाळ्या वाजल्या. त्या गडबडीत केनवेन खोकली. खाणीचं तोंडही न पाहिलेल्या त्या बाईच्या रुमालावर काळं पडलं, खाणकामगारांच्या पडतं तसं.

सकाळी नेस्टने शॅड्रॅकच्या मुलीचं, मॉरविथचं दार ठोठावलं. ती तव्यावर मनुकांच्या वड्या भाजत होती.

"निरोपाचं कडवं शिकव मला, मॉरविथ. मागशील ते देईन."

"आता तेही विकत?" मॉरविथने वडी उलटली. "बाबा दर घरी नवं रचायचे, मिस नेस्ट. त्या घरातल्या माणसांची नावं गुंफून. तुमच्यासाठी रचलं होतं की त्यांनी! तुमच्याकडे नळी भरली होती."

"मग आता?"

"घर तुमचं, पाहुणी तुमची. तुम्हीच रचा."

नेस्ट वाटभर शब्द जुळवत आली. दालनात शिरताच तिने कपाटाचं काचेचं दार सताड उघडलं, बागेकडचंही उघडलं. वरच्या मजल्यावर केनवेनचा खोकला थांबत नव्हता. कवटीसमोर उभी राहून ती गायली: खाल्लंस, प्यायलीस, आता नीघ गं मारी, केनवेनच्या घरातून, नेस्टच्या घरातून, सुखाने जा.

दारातून गार वारा आला. वरचा खोकला थांबला.

नेस्टला हायसं वाटलं. कितीतरी महिन्यांनी घर शांत झालं होतं. तिने डोळे पुसले, आनंदाने हसलीसुद्धा. मग 'एकटीला करमत नाही तिला' हे शॅड्रॅकचं बोलणं तिला आठवलं; मारी एकटी निघालीच नसणार, आणि बहिणीला हाका मारत ती जिन्याकडे धावत सुटली.