विठ्ठल पाष्टेचा झेल

आपल्याला गप्प का राहवलं नाही, हे सुश्रुतला अजूनही नीट सांगता येत नाही.

लोक साईनाथ पाष्टेच्या क्रिकेट-कार्डांमागे असत. सुश्रुत जमवायचा ती साईनाथच्या थोरल्या भावाची, विठ्ठलची. साईनाथ भारताकडून खेळला. विठ्ठल तीन हंगाम रणजी खेळला आणि विसरला गेला. वेफर्सच्या पाकिटांतून कधीकाळी निघालेली त्याची कार्डं तीनच प्रकारची. एमएस्सी करता करता डोंबिवलीच्या या पोराने त्यांच्या एकोणीस प्रती गोळा केल्या आणि एका रविवारी सह्या घ्यायला कोपरीला विठ्ठलचं घर गाठलं.

भिंतीवर तिसऱ्या प्रकारचं कार्ड फ्रेम करून लावलेलं होतं. उंच उडालेला खेळाडू, टोपीआड चेहरा, दोन्ही हातांत चेंडू.

"साईनाथचे फोटो रोज पेपरात," विठ्ठलच्या आई शेवंतीबाई लाडू पुढे करत म्हणाल्या. "ह्याचा भिंतीवर लावावा असा हा एकच. पण असा झेल त्याला जमला असता का, सांग."

विठ्ठल मान खाली घालून सह्या करत हसला.

"काकू, गंमत सांगू?" सुश्रुत म्हणाला. "हा विठ्ठलदादा नाहीच." त्याने दुसरी दोन कार्डं पुढे मांडली. "इथे दादाची डावी करंगळी वाकडी आहे, बघा. भिंतीवरच्या कार्डात सरळ. छापणाऱ्यांनी आडनावात गल्लत करून साईनाथचा फोटो टाकलाय."

पुरावा बिनतोड होता. शाबासकीची वाट बघत तो थांबलासुद्धा.

विठ्ठलचं पेन थांबलं. "मला माहितीये," तो आईकडे न बघता म्हणाला. "छापून आलं तेव्हाच कळलेलं. पण आई अख्ख्या आळीत दाखवून आलेली. म्हटलं, राहू दे."

शेवंतीबाईंनी लाडूंची ताटली सारखी केली.

"तुझं बोट मोडलं तेव्हा हाडवैद्याकडे मीच नेलेलं ना रे?" त्या म्हणाल्या. "मला तुझे हात कळत नाहीत होय? वाटलं, तुला बरं वाटतंय, तर सांगत राहावं."

दोघांनाही सगळं ठाऊक होतं. त्याने नवीन काहीच शोधलं नव्हतं. इतकी वर्षं एकमेकांसाठी जपलेलं तेवढं मोडलं होतं.

"छपाई जुनी आहे," तो चाचरत म्हणाला. "माझंच चुकलं असेल."

"नाही रे. बरोबर आहे तुझं," विठ्ठल म्हणाला, तेही समजूत काढल्यासारखं.

निघताना शेवंतीबाईंनी फ्रेम काढली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात ठेवली.

"राहू द्या ना काकू तिथेच."

"आता कशी राहू देऊ? कोणी आलं, विचारलं, तर ह्याच्यासमोर मी काय सांगू?"

विठ्ठलने उरलेली कार्डं नीट एकावर एक लावून त्याला दिली. सह्या एकोणीसच्या एकोणीस झाल्या होत्या, तिसऱ्या कार्डाच्या सहा प्रतींवरसुद्धा.