चौदा आण्यांचं सोनं

बहात्तरच्या दुष्काळात वडवणीजवळच्या एका गावी दूध सोसायटीच्या इमारतीचा पाया भरायचा होता. पायात सोन्याचा कण घालायची रीत. चेअरमन सुंदरराव म्हणाले, बंकटच्या खड्यातलं सोनं घालू. ते थेट धरणीच्या पोटातलं, त्याच्याइतकं शुद्ध दुसरं कुठलं?

म्हातारा बंकट धनगर तरुणपणी रायचूरकडच्या सोन्याच्या खाणीत होता. तिथं दरड कोसळली तेव्हा त्यानं साहेबाला ओढून काढलं. साहेबानं बक्षीस दिलेला वाटाण्याएवढा खडा त्यानं तीस वर्षं जपला होता. आज तो द्यायला निघाला, कारण चार दिवसांपूर्वी सोसायटीनं त्याच्या सुनेचं, रतनबाईचं, दूध 'पाणी घातलंय' म्हणून उकिरड्यावर ओतलं होतं. घरावरचा तो डाग त्याला पुसायचा होता.

पंडित सोनारानं खडा कसोटीवर घासला. रेघ फिकट उमटली.

"चौदा आणे," तो पुटपुटला.

सुंदरराव हसले. "दुधात पाणी, सोन्यात चांदी! बंकट, तुझ्या घरात निर्मळ काय हाय का न्हाई बे?"

माणसं खदखदली. बंकट पुढं सरला.

"चेअरमन, जमिनीतनं सोळा आणे सोनं निघतच न्हाई. चांदी आतच मिसळलेली असती. बारा वर्सं ह्या डोळ्यांनी बघितलंय. सोळा आणे माणूस करतो, भट्टीत घालून!"

"म्हंजे धरणीमाय भेसळ करती म्हण की!"

"पंडित, छिन्नी आण."

"तुटंल, बंकटमामा."

"तुटू दे!"

घाव बंकटनंच घातला. खडा दुभंगला. आत पांढऱ्या गारगोटीची बारीक शीर सोन्यात घट्ट रुतलेली होती. पंडितनं आतलं सोनं घासलं, रेघ तीच. तो मोठ्यानं म्हणाला, "हे कुणी वितळवलेलंच न्हाई. वितळलं असतं तर गारगोटी अशी धरून बसली नसती. ही मिसळ जन्माचीच."

"बरं बरं, टाक खड्ड्यात. मुहूर्त टळतोय," सुंदरराव म्हणाले.

"आधी दुधाचं बोला! दुष्काळी छावणीतली म्हैस उसाच्या शेंड्यांवर, वाढ्यावर जगती. पातळ दूध न्हाई तर काय तूप देईल? कावून ओतलं दूध?"

सुंदररावांनी तोंड फिरवलं. बंकट तडक छावणीत गेला, म्हैस सोडून आणली आणि पायाच्या खड्ड्याशीच बांधली. रतनबाईनं सगळ्यांसमोर धार काढली. सोसायटीच्या कारकुनानं दुधात पाणी ओळखायची काचेची नळी सोडली. चार दिवसांपूर्वी जिथवर बुडाली होती, तिथवरच ती बुडाली.

म्हणजे त्या दिवशीही दुधात पाणी नव्हतं.

"होतं असं एखाद्या वेळेस," सुंदरराव घड्याळ बघत म्हणाले. "आण तो खडा."

"ज्या तोंडानं भेसळ म्हणालात, त्याच तोंडानं न्हाई म्हणा. मग देतो."

सुंदररावांनी तबकातली सुपारी उचलली. बंकटनं दोन्ही तुकडे धोतराच्या सोग्यात बांधले. सोन्याऐवजी पायात सुपारी पडली.

रतनबाई बादली घेऊन निघाली, तसा कारकून मागून ओरडला, "वहिनी, दूध घालून जा की!"

ती थांबली नाही. बंकटनं मात्र वळून पाहिलं.

"पातळ हाय ते," तो म्हणाला. "तुमाला सोळा आणे लागतंय."