पहिले तीन सेकंद

चौथ्या स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. बाकीचे तीन काळे, कोरे, जागच्या जागी बसलेले. पण या एकाच्या खाचेत पेचकस फिरून फिरून आतली पांढरी कड उघडी पडली होती, आणि तिचं नख त्या कडेवरून पुन्हा पुन्हा जात राहिलं… म्हणजे हे कुणीतरी उघडलंय. एकदा नव्हे. कुणाचा तरी हात आत फिरून गेलाय, आणि आता पुसूनबिसून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून ते तिच्यासमोर काउंटरवर पडलंय.

"उघडलेलं दिसतंय हे," ती म्हणाली.

"ताई, जुनं ग्राफिक्स कार्ड म्हटल्यावर कुणीतरी उघडणारच की," दुकानदार म्हणाला. "पेस्ट बदलली असेल, धूळ काढली असेल. जपणाऱ्या माणसाचंच लक्षण ते. कुणाचा हात न लागलेलं हवं तर समोर शोरूम आहे. जा, किंमत विचारा, मग या. चहा मागवून ठेवतो."

समोरून ती आधीच आली होती, पण ते तिने सांगितलं नाही.

काउंटरवर कार्डं दोन. एक आखूड, दोन पंख्यांचं, बारा जीबी मेमरीचं. दुसरं लांबलचक, तीन पंख्यांचं. मेमरी आठच, पण पळायला चपळ. दोन्हींची किंमत उन्नीस-बीस, आणि पर्समधल्या पैशांत येणारं यांतलं कुठलं तरी एकच. घरचं जुनं कार्ड गेल्या आठवड्यापासून पडद्यावर जांभळ्या रेघा मारत होतं. संगणकही घरात एकच – दिवसा तिचा, तेव्हा त्यावर लोकांचे वाढदिवस, निरोप समारंभ, शाळांची स्नेहसंमेलनं कापायची आणि जोडायची. आणि संध्याकाळी सात ते नऊ नवऱ्याचा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून तो घरी यायचा, कानावर हेडफोन चढवायचा आणि दोन तास लढाईवर जायचा.

"एडिटिंगला मेमरी, गेमला वेग," दुकानदार म्हणाला. "तुमचं काम कुठलं?"

"दोन्ही."

"मग तुमच्या घरात कार्ड नको, पंच हवा."

ती हसली. तोंडापुरती. हसण्यातला तोंडापुरता भाग कुठे संपतो आणि खरा कुठे सुरू होतो हे तिला पडद्यावरच्या आवाजाच्या रेघोट्या पाहूनही सांगता आलं असतं, वीस वर्षं दुसरं काय केलं होतं… आणि म्हणूनच सकाळचं ते तिला इतकं लागलं होतं. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता, मान वर न करता तो म्हणाला होता, "तूच बघ, तुला त्यातलं कळतं. पण कॅप्टन म्हणत होती, तीन पंख्यांचं घे. बारावालं गेममध्ये अडखळतं."

कॅप्टन म्हणत होती.

कॅप्टन म्हणजे त्याच्या गेममधल्या टोळीची म्होरकी. कुठल्या तरी दुसऱ्या शहरातली दातांची डॉक्टर. चेहरा त्याने पाहिलेला नाही, हिनेही नाही. आवाज मात्र ही ओळखते, कारण हेडफोनच्या कडेने तो रोज थोडा सांडतो – "अरे गाढवा, मागे! मागे बघ!" – आणि त्यावर तो हसतो. गदगदून, खुर्ची हलवत. बावीस वर्षांच्या संसारात ही त्याला गाढव म्हणू शकत नाही, कारण ही त्याला अहो म्हणते, आणि अहो गाढव असं काही जगात नसतं. पूर्वी अरेच होतं. सासूबाई राहायला आल्या तेव्हा अरेचं अहो झालं – कुणी सांगितलं नव्हतं, तिनेच केलं, शहाणपणा म्हणून. सासूबाई गेल्या. अहो राहून गेलं, त्यांच्या काठीसारखं, दारामागे.

तसं त्यात काही नाही, हे तिला ठाऊक होतं. एक बाई दिवसभर लोकांचे दात उपटते, एक माणूस दिवसभर काचा घासतो, संध्याकाळी दोघं मिळून खोट्या माणसांना गोळ्या घालतात. चोरून काही नाही. दार उघडंच असतं. पण ही आत पोळ्या लाटत असते आणि ते हसू येतं… ती लाटणं थांबवते. ऐकते. धंद्याच्या कानाने ऐकते – खरं आहे. एकशे एक टक्के खरं.

आणि ते हसू तर तिचं भांडवल होतं! चौदा वर्षांपूर्वी नवा माईक आणला त्या दिवशी तो कशाला तरी हसला होता, कशाला ते आता आठवत नव्हतं. ते तिने जपून ठेवलं होतं. पाहुण्याचा विनोद पडला आणि सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही, की ती ते हसू हळूच खाली पसरायची. सुरुवातीचे तीन सेकंद खराब होते, काहीतरी आरडाओरडा होता. तेवढे कापून चौथ्यापासून लावायची. हात आपोआप कापायचा, कान लागतच नसे. निम्म्या गावाच्या आनंदात तिचा नवरा हसत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. लोक म्हणायचे, "काय रंगला हो आमचा कार्यक्रम!" इतकी वर्षं ती ते हसू वाटत आली होती, कधी वाईट वाटलं नव्हतं. आणि आता एकच बाई ते ताजं ताजं, न कापलेलं…

बारावालं घ्यावं. झालं. कामाला तेच लागतं, पोट त्यावर चालतं, आठवालं मोठ्या फाइली ओढताना धापा टाकणार. कुणालाही विचारा, कुणीही हेच सांगेल. आणि मग संध्याकाळी त्याचा गेम अडखळेल, तो दोन पावलं मागे पडेल, कॅप्टन चार दिवस सांभाळून घेईल, पाचव्या दिवशी म्हणेल… आणि आपण कणीक मळता मळता म्हणायचं, "काय करणार हो, कामाला तेच लागत होतं." किती गोड जमलं होतं ते वाक्य! तिने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्या वेळी तिला स्वतःची जराशी भीती वाटली. निर्णय बरोबर होता. फक्त तो घेणारी बाई बरोबर नव्हती.

"आधी चालवून दाखवा," ती म्हणाली. "बारावालं. माझं काम आणलंय बरोबर." आणि पेनड्राइव्ह पुढे केला.

दुकानदाराने कार्ड बसवलं, पंखे फिरले, पण तिचा प्रोजेक्ट काही उघडेना. त्याच्याकडचं सॉफ्टवेअर जुनं होतं. "हरकत नाही," तो म्हणाला, "तुमच्या फाइली कच्च्याच ओततो. ताण तर ताण." तिची सगळी कापाकापी बाहेर राहिली आणि फाइली अख्ख्याच्या अख्ख्या एकाखाली एक पडल्या. शाळेचे शिपाईकाका पुष्पगुच्छ धरून पडद्यावर आले, अवघडलेले. मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले… आणि स्पीकरमधून एक बाई ओरडली,

"अरे बैलोबा, माईकवरच बसलास की रे!"

आणि हसत सुटली. मोठ्याने, नाकातून आवाज काढत, आजूबाजूला कोण आहे याची फिकीर न करता. आणि त्या हसण्याच्या पोटातून, चौथ्या सेकंदाला, त्याचं हसू वर आलं.

कोण ही? – कॅप्टनच्या आवाजाने उठायची तीच कळ. कुणाच्या घरी, कधी, किती दिवस चाललं होतं हे…

"ताई, तुमचं हसू भारी आहे हं," दुकानदार म्हणाला.

"माझं नाही ते," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला ते स्टूल दिसलं, स्टुलावरचा नवा माईक, त्यावर ऐसपैस टेकलेला तो, आणि समोर, पोट धरून, ती स्वतःच…

त्या दिवशी तो कशाला हसला होता, ते हे.

मत्सर गेला नाही. त्याने नुसती कूस बदलली. दातांची डॉक्टर कुठल्या कुठे विरली, आणि त्या जागी ही दुसरी येऊन बसली, तिशीची, बेफिकीर, नवऱ्याला बैलोबा म्हणणारी, जिच्यामुळे तो आधी हसला होता. आणि हिला तर कुणी पळवून नेली नव्हती. हिला कापली होती. तीन सेकंद, दर कार्यक्रमाला, हात न चुकता.

"गरम झालं नाही बघा," दुकानदाराने कार्डाजवळ तळहात धरला. "मग? हेच बांधू, की लांबडं?"

पर्समधला फोन थरथरला. मधल्या सुट्टीतला चहा घेताना नवरा याच वेळी फोन करतो. "कुठलं घेतलंस?" एवढंच विचारेल. तिने पर्सवर हात ठेवला, पण उघडली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "ते परत लावा. पहिल्यापासून."

"आता काय तपासायचं राहिलं?"

पुढे वाकून तिने कान स्पीकरजवळ नेला, आणि ती बाई ओरडायच्या आत, अगदी ओठांतल्या ओठांत, म्हणून पाहिलं – अरे… शब्द घशात घसरला, झिजलेल्या खाचेत पेचकस घसरतो तसा. तिने पुन्हा म्हटला. या वेळी किंचित हलल्यासारखं वाटलं… की नुसताच फोन थरथरत होता.